इंग्लंडमधलं व्हिक्टोरियन घर बदलायचंय? लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मधली भिंत काढून स्वयंपाकघर मोठं करण्याचा बेत आखण्याआधी घर ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या यादीतलं, आहे का ते पाहा. तशा घरात बदल करायला कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) जी परवानगी लागते, तीच लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-जतन संस्थेच्या संकेतस्थळावर ही यादी मोफत पाहता येते. १८५० नंतरची घरं यादीत निवडूनच घेतली जातात, त्यामुळे एकमेकांना चिकटून उभी असलेली बहुतेक व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातली) घरं तिच्यात नसतात. मात्र ती कन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी ठरवलेल्या परिसरात, असू शकतात. ते कौन्सिलच्या नकाशावर कळतं.

लिस्टेड घराचा दर्जा कोणताही असो, संरक्षण आतून-बाहेरून सगळ्याला असतं. यादीतल्या वर्णनात फायरप्लेसचा उल्लेख नसला, तरी ती परवानगीशिवाय काढता येत नाही. आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही बहुधा यात येतात. घराच्या ऐतिहासिक स्वरूपावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक बदलाला परवानगी लागते. जशीच्या तशी, त्याच साहित्यातली दुरुस्ती सहसा सुटते, पण तेही कौन्सिलच्या कन्झर्व्हेशन ऑफिसरकडून (जुन्या इमारतींच्या जतनाचा अधिकारी) लेखी घ्या. विनापरवानगी काम हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कारवाईला मुदतीचं बंधन नाही आणि आधीच्या मालकाने केलेला बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावर येऊ शकते. म्हणून घर घेतानाच सॉलिसिटरकडून जुन्या परवानग्या तपासून घ्या.

अर्ज प्लॅनिंग पोर्टल या संकेतस्थळावर करायचा, त्याला शुल्क नाही. घर वाढवायचं असेल तर प्लॅनिंग परमिशन (बांधकामाची किंवा वापर बदलण्याची परवानगी) वेगळी लागू शकते. दोन्हींचा एकत्र फॉर्म मिळतो, शुल्क प्लॅनिंगचं पडतं. अर्जदार मालकच असावा असं नाही, पण मग मालकाला रीतसर नोटीस देऊन मालकीचं योग्य प्रमाणपत्र जोडावं लागतं. फ्लॅटवाल्यांचे अर्ज इथे अडकतात, कारण फ्रीहोल्डरला (इमारतीच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाला) कळवायचं राहून जातं.

सोबत १:१२५० चा स्थळनकाशा, आत्ताचे आणि प्रस्तावित आराखडे (१:५० किंवा १:१००), खिडक्या-दारांचे मोठ्या प्रमाणातले छेद, फोटो, डिझाइन अँड ॲक्सेस स्टेटमेंट (रचना आणि ये-जा यांचं निवेदन) आणि हेरिटेज स्टेटमेंट (घराच्या ऐतिहासिक महत्त्वाचं निवेदन) द्यावं लागतं. खरी परीक्षा शेवटच्या कागदाची. ‘घर जुनं आणि सुंदर आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा, त्याचं महत्त्व काय, तुमच्या बदलाने नेमकं काय जाणार आणि दुसरा मार्ग का नाही, हे खोलीनिहाय लिहा. मूळ भिंत पूर्ण पाडण्याऐवजी दोन्ही टोकांना थोडी भिंत आणि वर तुळईखालचा पट्टा राखला, तर खोल्यांची जुनी रचना वाचता येते आणि परवानगीची शक्यता वाढते.

सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्या बदलून दुहेरी काच बसवायला अनेकदा नकार मिळतो. मूळ खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच बसवणं, म्हणजे सेकंडरी ग्लेझिंग, हा बहुतेकदा सोपा मार्ग. विटांच्या भरीव भिंतींना सिमेंटचा गिलावा प्रस्तावित करू नका: ओल आत कोंडते, विटांचे पापुद्रे सुटतात, भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं कुजतात. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. जमिनीलगतच्या हवेच्या जाळ्याही बुजवू नका.

निर्णयाची ठरलेली मुदत ८ आठवडे, त्यातच २१ दिवसांची जाहीर सूचना. नकारानंतर अपिलाला सहा महिने. मिळालेली परवानगी सहसा तीन वर्षं चालते, तेवढ्यात काम सुरू व्हायला हवं.

घर फक्त कन्झर्व्हेशन एरियात असेल तर आतल्या बदलांना ही परवानगी लागत नाही. पण ‘आर्टिकल ४’ (एरवी परवानगीविना करता येणारे बदल रोखणारा कौन्सिलचा आदेश) लागू असल्यास समोरच्या खिडक्यांनाही प्लॅनिंग परमिशन लागू शकते. वापर बदलायचा तर प्लॅनिंगचा प्रश्न वेगळाच. लंडनमध्ये डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने घेतलं, पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली. ती २०२० मध्ये अपिलात मिळाली.

बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी आणि सामाईक भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला दोन महिन्यांची पार्टी वॉल नोटीस, ही कामं स्वतंत्र आहेत. परवानगीपत्रातल्या अटी कंत्राटदाराच्या हाती द्या. चुन्याच्या गिलाव्याचा नमुना आधी मंजूर करून घ्या असं त्यात असेल, तर तो मंजूर होईपर्यंत ते काम सुरू करू नये. अट मोडणं हाही गुन्हाच आहे.