मदत फोनवर येते, तेव्हा नोटा कुठून येतात?

सफारीकॉम या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये केनियात फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा सुरू केली, तेव्हा आपत्तीतली मदत हा त्यामागचा हेतू नव्हता. त्याआधीच्या चाचणीत तर सूक्ष्मकर्जाचे हप्ते फोनवरून भरता येतात का, एवढेच पाहायचे होते. लोकांनी ती सोय भलत्याच कामाला लावली. शहरात कमावणारा गावी पैसे पाठवू लागला आणि कंपनीने जाहिरातही तीच केली: घरी पैसे पाठवा. एजंट म्हणून नेमलेल्या दुकानदाराकडे रोख द्यायची, ती आपल्या फोनच्या खात्यात जमा होते. पुढे संदेशाने ती पाठवायची आणि घेणाऱ्याने पिन टाकून आपल्या गावातल्या एजंटकडून नोटा मोजून घ्यायच्या. साधा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही.

आपत्तीत धान्याऐवजी पैसे देण्याचा विचार याहून बराच जुना. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामाला गेले. त्या मजुरीच्या पैशावर त्यांनी बाजारातून ज्वारी घेतली. धान्य मिळत असले तरी गरिबाच्या हातात ते घ्यायला पैसा नसतो आणि दुष्काळ तिथे मारतो, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडले. तरीही परदेशी मदतसंस्था पुढची कित्येक वर्षे पोतीच वाहत राहिल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे आणि श्रीलंकेत रोख मदतीचे प्रयोग झाले. त्यांतही नोटा न्यायच्या कशा आणि वाटेत सांभाळायच्या कशा, ही अडचण होतीच.

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली उसळल्या. हजाराहून अधिक माणसे मारली गेली, लाखो विस्थापित झाली. दुर्गम केरिओ खोऱ्यात धान्याचे ट्रक नेणे जिकिरीचे होते. कन्सर्न वर्ल्डवाइड या आयरिश संस्थेने २००८ मध्ये तिथे एम-पेसावरून पैसे पाठवले. लाभार्थी कुटुंबे सहाशेच्या आत, पण जुळवाजुळव भरपूर करावी लागली. बहुतेकांकडे फोन नव्हते, म्हणून दहा कुटुंबांच्या गटाला एक फोन आणि तो चार्ज करायला सौर चार्जर दिला. सिमकार्ड मात्र ज्याचे त्याला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना संदेश आणि पिन समजावून सांगणारे कोणीतरी हवे होते. जवळपास पुरेसे एजंट नसल्याने रोख शहरातून आणवावी लागली. म्हणजे नोटांचा प्रवास टळलाच नाही, फक्त त्याची जोखीम संस्थेकडून एजंटकडे गेली. माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रयोगांचे यशापयश याच गोष्टीवर ठरले.

नायजरमध्ये दुष्काळानंतर २०१० मध्ये याच संस्थेने काही गावांत पाकिटातून रोख वाटली आणि काही गावांत फोनवरून. अर्थतज्ज्ञ जेनी एकर आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत फोनवाल्या बायकांची पायपीट व रांगेतला वेळ वाचलेला दिसला आणि घरचे जेवणही अधिक वैविध्याचे आढळले. पैसे कधी आले हे आधी बाईलाच कळायचे, त्यामुळे खर्चात तिचा शब्द थोडा वाढला, असे एक कारण संशोधकांनी दिले आहे.

हैतीत उलटे घडले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात बँकांच्या शाखाही कोसळल्या. मग गेट्स फाउंडेशन आणि अमेरिकी सरकारची मदतसंस्था यूएसएड यांनी फोनवरून पैशांची सेवा सुरू करणाऱ्या कंपन्यांसाठी एक कोटी डॉलरचा प्रोत्साहन निधी जाहीर केला. डिजिसेल या मोबाइल कंपनीने त्यातले पहिले, पंचवीस लाख डॉलरचे बक्षीस मिळवले, पण सेवेने केनियासारखे मूळ धरले नाही. बक्षिसाने सेवा वेळेत सुरू करता येते. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात रोज पुरेशी रोख असावी, ही सवय लागायला वर्षे जातात.

आपल्याकडे वाट वेगळी झाली. रिझर्व्ह बँकेने व्यवहाराची सूत्रे मोबाइल कंपन्यांच्या हाती न देता बँकांभोवती ठेवली. व्होडाफोनने २०१३ मध्ये एम-पेसा भारतात आणले आणि २०१९ मध्ये गुंडाळले. म्हणूनच अतिवृष्टीचे अनुदान बँक खात्यात येते आणि शेतकऱ्याचा हेलपाटा पडतो तो ई-केवायसीसाठी.

एप्रिल २०२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोने 'नोव्हिसी' योजना आणली. टाळेबंदीत रोजगार गेलेल्याने फोनवर कोड दाबायचा, मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, की पात्र असल्यास पैसे फोनवर जमा. पुढच्या टप्प्यात गरीब कोण हे ओळखायला उपग्रहचित्रे आणि फोनवापराच्या नोंदी वापरल्या गेल्या. ज्याच्याकडे फोनच नाही तो अशा यादीत येणार कसा, ही शंका तेव्हापासून पाठ सोडत नाही.

त्याच वर्षी जुलैत बांगलादेशात जमुना नदीच्या (तिथल्या ब्रह्मपुत्रेच्या) पुराचा अंदाज येताच संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने हजारो कुटुंबांना बिकॅश या तिथल्या फोन-पैसे सेवेवरून प्रत्येकी ४,५०० टका पाठवले. पाणी चढण्याआधी बाजार चालू होते, टॉवर उभे होते आणि एजंटच्या गल्ल्यात नोटा होत्या. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यावर अख्खा दिवस उपाशी काढायची वेळ कमी आली, असे नंतरच्या पाहणीत दिसले.