पातळ हवेतल्या पवनचक्क्या

परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर आणि काठाशी पवनचक्क्या. खाली लगेच दोन कमेंट, एक म्हणे "एवढ्या उंचावर वारा कसला भन्नाट, वीजच वीज", दुसरा म्हणे "तिथे हवाच विरळ, पाती नुसती शोभेला". दोघेही अर्धे बरोबर, आणि अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

जागा स्वित्झर्लंडमधली, नुफेनन खिंडीजवळचं ग्रीस धरण. उंची साधारण 2,465 मीटर, म्हणजे कळसूबाईवर अजून अर्धं कळसूबाई ठेवायचं. पहिली पवनचक्की 2011 ला उभी राहिली, बाकीच्या तीन 2016 ला. खिंडीच्या अलीकडे जर्मन बोलतात, पलीकडे इटालियन.

आता खिंड तिथेच का? तर तिथला खडक मऊ आहे म्हणून. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि नाईस हे टणक खडक, मधे शिस्ट या पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाचा काळपट पट्टा, जो ज्युरासिक काळात समुद्राच्या तळाचा चिखल होता. आफ्रिकेकडचा भूभाग युरोपला धडकला तेव्हा तो चिखल दाबला गेला, भाजला गेला आणि वर आला. या खडकात बेलेम्नाइटचे, म्हणजे आपल्या म्हाकुळाच्या लांबच्या चुलत भावंडांचे, जीवाश्म सापडतात आणि शेजारीच गार्नेटचे खडे, म्हणजे प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली तयार होणारं खनिज! इतकं भाजून निघाल्यावरही जीवाश्म ओळखू येतो हे मला अजून पचत नाही. तर हा मऊ पट्टा पाण्याने आणि हिमनद्यांनी कोरला, खाच पडली, आणि डोंगराला अडलेला वारा त्या खाचेतून घुसतो, दोन बिल्डिंगांमधल्या बोळात घुसतो ना अगदी तसाच, जागा कमी म्हणून वेग जास्त. म्हणजे नुसती उंची नाही, खाच महत्त्वाची.

वेग का महत्त्वाचा ते आता बघा, हा माझा लाडका भाग. वाऱ्यातली पॉवर म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले पात्यांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. वर्ग नाही, घन. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो हे शाळेत झालंय, वर वेग वाढला की दर सेकंदाला पात्यांमधून जाणारी हवाही वाढते, म्हणून अजून एकदा वेग. सेकंदाला 6 मीटरचा वारा 7 झाला तर 216 चे 343 होतात, जवळपास 59 टक्के जास्त!

आणि घनता? समुद्रसपाटीला 15 अंशाला एका घनमीटरात 1.225 किलो हवा, ग्रीसच्या उंचीवर शून्य अंशाच्या आसपास साधारण 0.96. म्हणजे 22 टक्के तोटा. पण वारा फक्त साडेआठ टक्के जास्त असला की तोटा भरून निघतो, घनाची कृपा. त्यात थंड हवा आकसते. उणे 15 अंशाला तीच घनता 1.01 च्या आसपास जाते. आता आपलं सातारचं पवनचक्क्यांचं चाळकेवाडी पठार घ्या, उंची साडेअकराशे मीटरच्या घरात, तापमान 25 अंश धरलं तर घनता 1.03. म्हणजे दुप्पट उंचीवरची आल्प्सची हिवाळी हवा आणि चाळकेवाडीची हवा जवळपास सारख्याच वजनाची. मी हा हिशोब तीनदा करून बघितला.

चाळकेवाडीवरून आठवलं, पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही असं आपल्याकडे अजून ऐकू येतं. अहो, मान्सूनचा प्रवाह काही किलोमीटर जाड, पाती त्यातल्या तळाच्या शे-सव्वाशे मीटरला गुदगुल्या करणार. आणि माण-खटाव पर्जन्यछायेत आहेत, तिथला दुष्काळ पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीपासूनचा.

पण "युरोपातला सगळ्यात उंच विंड फार्म" या कौतुकानेही हुरळून जाऊ नका. चौघींची क्षमता मिळून 9 मेगावॅटच्या थोडी वर, वर्षाची वीज साधारण 1 कोटी युनिट. वर्षभर पूर्ण ताकदीने फिरल्या असत्या तर 8 कोटी झाली असती, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा. वारा रोज सारखा नसतो, त्यात पात्यांवर बर्फ धरतं, आकार बिघडतो आणि जोर जातो, शिवाय ते तुकडे लांब भिरकावले जाण्याची भीती. म्हणून पात्यांच्या पोकळीत गरम हवा खेळवायची सोय आहे.

मग हा खटाटोप कशाला? कारण आपल्याकडे वाऱ्याचा सीझन पावसाळा, तिकडे हिवाळा. आणि हिवाळ्यातच तिथे नद्या आटतात, बर्फ वितळत नाही, जलविद्युत कमी पडते आणि हीटर मात्र घरोघरी चालू. खिंडीतला रस्ता तेव्हा बर्फाखाली बंद असतो, पोचायची मारामार, आणि नेमके त्याच दिवसांत त्या पवनचक्क्या धरणाच्या वाट्याचं काम करत असतात.