एक स्पीकर बंद केला नि आवाज वाढला

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या छोट्या चर्चमध्ये पावसाळा सरल्यावर साउंड बिघडला. बंद पडला नव्हता, बिघडला होता. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ढोलकीची थाप ऐकू यायची, पण घुमायची नाही. मधल्या वाटेवर उभं राहिलं की फादरांचा आवाज पोकळ लागायचा. भिंतीकडच्या बाकावर गेलं की बरा. नवा ॲम्प्लिफायर घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात गाणाऱ्यांचे मास्तर मला म्हणाले, "डावा स्पीकर बंद करून बघ की." केला. ढोलकी घुमायला लागली!

स्पीकरचा पडदा पुढे आला की हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एकाची लाल-काळी वायर उलटी लागली, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. पाळण्याला दोघांनी दोन्हीकडून एकदम ढकलावं तसं. पाळणा हलत नाही, जोर मात्र दोघांचाही लागतो. म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरनं काही साधलं नसतं.

मग खर्ज, म्हणजे जाड घुमणारा आवाज, जातो आणि बारीक, उंच पट्टीचा आवाज का शिल्लक राहतो? ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 100 हर्ट्झच्या खर्जाची लाट 3.4 मीटर लांब, 3000 हर्ट्झची जेमतेम 11 सेंटिमीटर. मधल्या वाटेवर दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर असतात, तिथं खर्ज पुरता मरतो. बारीक लाटांचं गणित मात्र दोन कानांमधल्या अंतरानं आणि भिंतींवरून परतणाऱ्या आवाजानं विस्कटतं, म्हणून त्या टिकतात. बाजूला सरकून दोन अंतरांत 1.7 मीटरचा, म्हणजे अर्ध्या लाटेचा फरक पडला की 100 हर्ट्झचा खर्ज परत येतो.

तपासायला 1.5 व्होल्टचा सेल पुरला. ॲम्प्लिफायरकडून वायर सोडवली, जाळी काढली, लाल वायरला सेलची धन बाजू आणि काळीला ऋण क्षणभर टेकवली. उजव्याचा मोठा पडदा टक् करून बाहेर आला. डाव्याचा आत गेला. माळ्यावर उंदरांनी वायर कुरतडली होती आणि जोडताना लाल काळीला गेली होती. काळी टेप सोडून उलटं सुलटं केलं, दहा मिनिटांचं काम. इक्वलायझरला, म्हणजे खर्ज नि बारीक आवाज कमी-जास्त करायच्या बटणांना, हात लावण्याआधी हे बघावं, असं मी कळकळीनं सांगेन. खर्ज वाढवत बसलो असतो तर स्पीकर जळाले असते.

दोन माइक एकच आवाज घेत असताना त्यातल्या एकाच्या वायरीत 2 आणि 3 नंबरच्या पिना उलट्या लागल्या तरी हेच होतं. त्यासाठी बऱ्याच मिक्सरवर, म्हणजे माइक एकत्र करणाऱ्या यंत्रावर, आवाज उलटा करणारं, गोलाला तिरकी रेघ मारलेलं बटण असतं.

पण ते बटण प्रत्येक वेळी कामाचं नाही. लग्नात शूटिंगवाल्यासाठी पोडियमवर दुसरा माइक लावला, तोही आमच्याच मिक्सरला, आणि प्रवचन डब्यातून आल्यासारखं झालं. इथं उलटसुलट काही नव्हतं, उशीर होता. तोंडापासून एक माइक दुसऱ्यापेक्षा 34 सेंटिमीटर लांब असला की आवाज त्यात 1 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र झाले की 500, 1500, 2500 हर्ट्झवर खड्डे पडतात. बटण दाबलं तर खड्डे 1000, 2000 वर सरकतात आणि खर्ज जातो तो वेगळाच. फादर मान वळवतील तसे खड्डेही हलतात.

आता पोडियमवर एकच माइक असतो. शूटिंगवाल्याला आम्ही मिक्सरमधून वायर देतो.