एसटीएल की स्टेप : पार्ट बनवायला कोणती फाइल पाठवायची?

ऑनलाइन पार्ट बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट्स थ्रीडी मॉडेलच्या एसटीएल आणि स्टेप या दोन्ही प्रकारच्या फाइली घेतात. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पुष्कळ जण हाताला लागेल ती अपलोड करतात. थ्रीडी प्रिंटिंगला ते बहुधा चालून जातं. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार धातू कापणाऱ्या मशीनवर, मात्र अडतं.

एसटीएल 1987 सालची, थ्रीडी सिस्टिम्स कंपनीने आपल्या प्रिंटरसाठी काढलेली. तिच्यात पार्टचा फक्त पृष्ठभाग असतो, तोही त्रिकोणांचा. खरंखुरं वर्तुळ तिच्यात नसतंच. समजा, 22 मिमी बाहेरच्या व्यासाच्या 608 बेअरिंगसाठी तेवढाच बोअर, म्हणजे बेअरिंग बसवायचं गोल भोक, काढला आणि एक्स्पोर्ट करताना त्या वर्तुळाचे 24 सरळ तुकडे झाले. मग समोरासमोरच्या दोन तुकड्यांमधलं अंतर भरतं 21.81 मिमी. बेअरिंग बसणार कसं? रिझोल्यूशन वाढवलं की फरक कमी होतो, पण वर्तुळ काही परत येत नाही.

शिवाय एसटीएलमध्ये एककाची नोंद नसते. इंचातला पार्ट साइटने मिलिमीटरमध्ये धरला, तर तो 25.4 पट लहान होतो. स्वस्त कोटेशन बघून हरखण्याआधी साइटने दाखवलेली लांबी-रुंदी वाचाच.

स्टेप म्हणजे आयएसओ 10303 हे मानक. बोअरचा अक्ष, त्रिज्या, एकक, सगळं तिच्यात नेमकं नोंदलेलं असतं. टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा मार्ग, बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो बोअर बोअर म्हणूनच दिसतो. भोसरीतला वर्कशॉपवालाही म्हणूनच 'स्टेप पाठवा' म्हणतो.

यावर काही जण एसटीएल फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्टेप म्हणून सेव्ह करतात. त्याने फक्त फाइलचा प्रकार बदलतो. आत तेच 24 तुकडे राहतात. स्टेपवरून एसटीएल केव्हाही काढता येते, तेव्हा मूळ मॉडेल आणि त्याची स्टेप जपून ठेवा.

पण स्टेप दिली म्हणजे सगळं सांगून झालं, असंही नाही. 5 मिमीचं भोक साधं ठेवायचं की त्यात एम6चे, म्हणजे 6 मिमी स्क्रूचे, आटे पाडायचे, हे मॉडेल बघून कुणाला कळणार? काहीच सांगितलं नाही तर अनेक ठिकाणी आयएसओ 2768-एम हे मापातल्या फरकाचं सर्वसाधारण मानक धरतात. त्यात 22 मिमीच्या मापाला ±0.2 मिमी फरकाची सूट मिळते, आणि बेअरिंगला ती फार झाली. म्हणून सोबत पीडीएफ ड्रॉइंग जोडायचं आणि त्यावर स्पष्ट लिहायचं : बोअर 22 एच7, म्हणजे 22.000 ते 22.021, भोक एम6, आटे 12 मिमी खोल.