कुर्दी, कँटोनीज आणि आपलं ‘म्यां केलं’

अवघड भाषांचे तक्ते इंटरनेटवर सतत फिरत असतात. त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा-प्रशिक्षण संस्था. तिच्या हिशेबात कुर्दीला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे १,१०० तास लागतात आणि कँटोनीजला ८८ आठवडे, २,२०० तास. त्यावरून ‘कँटोनीज कुर्दीच्या दुप्पट अवघड’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. हे तास इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांसाठी मोजलेले आहेत, ही गोष्ट मात्र तक्त्यातून गळून जाते. मराठी माणसाचा हिशेब वेगळा निघतो.

आधी कुर्दी. तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराण या चार देशांत ती मुख्यतः बोलली जाते. उत्तरेकडची कुर्मांजी बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत लिहितात, तर मधल्या पट्ट्यातली सोरानी अरबीवरून घडवलेल्या लिपीत. कुर्मांजीत ‘मी सफरचंद खातो’ म्हणायचं तर ‘एझ सेवे दिख्विम’. ‘एझ’ म्हणजे मी, आणि क्रियापदाच्या शेवटचा ‘इम’ त्या ‘मी’शी जुळलेला. ‘सेव’ हे सफरचंद (हिंदीतलं ‘सेब’ याच घराण्यातलं). ते कर्म असल्यामुळे विभक्ती लागून ‘सेवे’ झालं.

आता हेच वाक्य भूतकाळात: ‘मिन सेव ख्वार’. ‘एझ’ गेला आणि ‘मिन’ आला. विभक्ती सफरचंदावरून उतरली आणि कर्त्यावर चढली. सफरचंदं अनेक असतील तर ‘मिन सेव ख्वारिन’. खाणारा एकच, तरी क्रियापद अनेकवचनी, कारण ते आता सफरचंदांशी जुळतं. इंग्रजी भाषक इथे अडखळतो. आपण मात्र ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ असं रोजच म्हणतो. ‘जाणे’सारख्या अकर्मक क्रियापदाला दोन्हीकडे सूट आहे: ‘एझ चूम’, ‘मी गेलो’.

हे साम्य योगायोगाचं नाही. भूतकाळाची जुनी रूपं मागे पडली तेव्हा धातुसाधित विशेषणाने त्यांची जागा घेतली. संस्कृतात ‘मया कृतम्’, माझ्याकडून केलेलं. इराणात केर्मानशाहजवळ, आजच्या कुर्दी मुलखात, बेहिस्तूनचा कडा आहे. त्यावर सम्राट पहिल्या दारयवहूने इ. स. पू. ५२०च्या सुमारास कोरून घेतलेल्या लेखात प्राचीन फारसीतले ‘मना कर्तम्’ असे शब्द येतात, म्हणजे ‘माझं केलेलं’. कुर्दी ही प्राचीन फारसीची थेट लेक नव्हे, पण रचना हीच. कुर्मांजीत तिचं ‘मिन किर’ झालं आणि जुन्या व ग्रामीण मराठीत ‘म्यां केलं’. आधुनिक फारसीने ही रचना टाकून दिली. ‘मन कर्दम’मध्ये क्रियापद पुन्हा कर्त्याशी जुळतं.

सोरानीने आणखी एक वळण घेतलं. तिथे विभक्ती झिजून गेली, म्हणून कर्त्याची खूण कर्मालाच चिकटवतात: ‘नानित ख्वार्द’. ‘नान’ म्हणजे भाकरी आणि ‘इत’ म्हणजे ‘तू’. मराठीत ‘तू भाकरी खाल्लीस’ म्हणताना ‘खाल्ली’तली ई भाकरीची असते आणि शेवटचा ‘स’ तुझा. गरज तीच, खूण टांगायची खुंटी वेगळी.

‘नाव’ला कुर्मांजीतही ‘नाव’च म्हणतात. असे चार शब्द दाखवून ‘कुर्द भारतातून गेले’ किंवा ‘संस्कृत सगळ्यांची जननी’ असं सांगणारे संदेश निराधार आहेत. ‘एझ’मध्ये ‘झरा’तला झ आहे, संस्कृत ‘अहम्’मध्ये ह. दोन्ही ध्वनी त्याहून जुन्या एका तिसऱ्या ध्वनीपासून आले; संस्कृतात झालेल्या ‘ह’चा पुन्हा ‘झ’ झालेला नाही. मराठी आणि कुर्दी चुलत बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगदोंग प्रांतातल्या कँटोनीजशी आपलं असं नातं नाही. तिथे क्रियापद कोणाशीच जुळत नाही. ‘सिक’ म्हणजे खाणे. ‘सिक चो’ खाऊन झालं, ‘सिक कान’ खाणं चालू आहे, ‘सिक क्वो’ पूर्वी कधीतरी खाल्लं आहे. कोणी कोणाला काय केलं, हे शब्दांच्या क्रमावरून कळतं. ‘चिनी भाषांना व्याकरण नाही’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ते प्रत्ययांत नाही, इतकंच.

खरी मेहनत सुरांची. सूर सहा: उंच सपाट, उंच चढता, मधला सपाट, खाली उतरता, खालून थोडा चढणारा आणि खालचा सपाट. ‘माइ’ पाचव्या सुरात म्हटलं तर विकत घेणे, सहाव्यात विकणे. सरावासाठी तीन, नऊ, चार, शून्य, पाच, दोन हे आकडे ओळीने म्हणावेत: साम, कौ, सेइ, लिङ, ङ, यी. यांत सहाही सूर क्रमाने येतात. आधी साम, सेइ, यी हे तीन सपाट सूर पक्के करावेत, कारण बाकीचे त्यांच्या आधाराने बसतात. पट्टी आपापली, अंतर राखलं की पुरे.

रोमन लिपीतला ‘बी’ इथे प असतो आणि ‘पी’ म्हणजे ओठ न घासता उच्चारलेला फ. इंग्रजी भाषकाला हा फरक घोटावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला आहे. आपली चूक शब्दाच्या शेवटी होते. सात म्हणजे ‘छत्’. जीभ त ला टेकवून तिथेच थांबवायची. मराठी सवयीने ती सोडली की शेवटी जादा स्वर ऐकू येतो.

दुसरी चूक प्रश्न विचारताना. ‘येणार?’ म्हणताना आपण आवाज चढवतो. तिथे शेवटचा शब्द चढवला तर तो दुसराच ऐकू येऊ शकतो. म्हणून ‘घेणार का?’ला ‘माइ म माइ’, घेणार-नाही-घेणार, असं विचारतात. संशय, आग्रह, अंदाज यांसाठी वाक्याच्या शेवटी छोटे शब्द लावतात, आणि असे शब्द तीसहून अधिक आहेत. त्यांतला पाचव्या सुरातला ‘वो’ मराठी माणसाला लगेच उमगतो. ‘खेउइ म लाइ वो’: तो येणार नाही म्हणे.