२,१४,७४,८३,६४७ : एका मूळ संख्येची पार्श्वभूमी

१९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, बत्तीस बिटांत सेकंद मोजणारी जुनी संगणकीय घड्याळे ज्या आकड्यावर संपणार आहेत, तो २,१४,७४,८३,६४७ हा आकडा गणितात संगणकाच्या कितीतरी आधीपासून नावाजलेला आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की तो मिळतो, आणि तो मूळ आहे.

‘मूळ’ या शब्दाचा घोळ मात्र आधी निस्तरायला हवा. मराठी शाळांत ‘मूळ संख्या’ शिकवतात, हिंदीत तिलाच ‘अभाज्य’ म्हणतात. विदर्भ १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांतात होता. आजही यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत भरतीची तयारी करणारी मुले मोबाइलवर हिंदी शिकवण्या ऐकतात, त्यामुळे एकाच वहीत दोन्ही शब्द सापडतात. खरी पंचाईत तिसऱ्याच शब्दाने होते. संख्या मूळ आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागावे, असे फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरून ‘कोनतं मूळ जी, सर?’ असा प्रश्न येतोच. तरीही ‘मूळ’ हाच शब्द अधिक नेमका आहे. अभाज्य म्हटलेल्या संख्येलाही १ ने आणि स्वतःने भाग जातो. उलट बाकीच्या संख्या हिच्याच गुणाकारातून उभ्या राहतात, हे ‘मूळ’ सांगतो.

२ च्या ज्या घातांतून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, अशा घातांची यादी १६४४ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने छापली. तीत ३१ बरोबर होता, पण ६७ आणि २५७ चुकून शिरले व ६१, ८९, १०७ सुटले. ३१ ची सिद्धता १७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेल्या एका स्विस गणितज्ञाने दिली. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे, म्हणजे तपासायच्या मूळ संख्या हजारोंच्या घरात. तिचा कोणताही मूळ भाजक ६२ ने भागल्यास बाकी १, आणि ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरलीच पाहिजे; दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. अशा जेमतेम ३७३. त्यांतली पहिली मूळ संख्या ३११; तिने भागले तर बाकी ३५ उरते. पुढेही भाग कुठेच जात नाही.

स्वतःखेरीज बाकीच्या भाजकांची बेरीज स्वतःइतकीच भरते ती परिपूर्ण संख्या; २,१४,७४,८३,६४७ पासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, असे १८११ मध्ये एका इंग्रज लेखकाने लिहिले. १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ हीही मूळ संख्या असल्याचे सिद्ध झाले आणि ते खोटे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली याच जातीची संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

५ वरून ३१ (२ चा ५ वा घात वजा १) आणि ३१ वरून २,१४,७४,८३,६४७, अशी मूळ संख्यांची साखळी पुढेही चालेल असे वाटू शकते. परंतु २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात वजा १ या संख्येला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने नि:शेष भाग जातो.