मुंबई सॅव्हानात, सोलापूर स्टेपमध्ये

जगाच्या हवामानाचा क्योपेन पद्धतीचा रंगीत नकाशा पाहिला, तर कुलाब्यावरच्या रंगाचा अर्थ ‘उष्णकटिबंधीय सॅव्हाना’ असा निघतो आणि सोलापूरवरचा रंग ‘उष्ण स्टेप’ सांगतो. सॅव्हाना म्हणजे गवताळ प्रदेश, पण कुलाब्याला गवत पाहायचे तर चालत ओव्हल मैदानापर्यंत जावे लागेल. आणि स्टेप म्हटले की युक्रेनपासून मंगोलियापर्यंत पसरलेली थंड, बिनझाडांची मैदाने डोळ्यांपुढे येतात. मेमधल्या सोलापूरचा त्यांच्याशी काय संबंध?

नकाशा चुकलेला नाही. व्लादिमिर क्योपेन यांचे शिक्षण वनस्पतिशास्त्रातले. कुठे काय उगवते यावरून तिथले हवामान ओळखता येते, असा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी हवामानाच्या प्रकारांना वनस्पतींवरून ओळख दिली. पण वर्गवारी होते ती आकड्यांवर. प्रत्येक महिन्याचे सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असेल, तर वर्षाच्या पावसाला २५ ने भागायचे आणि उत्तर १०० मधून वजा करायचे. कुलाब्यात वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. भागाकार ८८, उरले १२. सर्वांत कोरड्या महिन्यात १२ मिलिमीटरही पडत नाही, म्हणून कुलाबा सॅव्हानात. थोडा जास्त पाऊस झेलणारी उत्तरेकडची उपनगरे मात्र ‘मान्सून’ गटात सरकतात. म्हणजे हा सॅव्हाना पर्जन्यमापकातला आहे, जमिनीवरचा नव्हे.

जमिनीवरच्या सॅव्हानाची गोष्ट वेगळी आणि शब्दाचा प्रवासही मजेदार. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, ‘झबाना’ असा काहीसा. तो स्पॅनिश लोकांनी उचलला. १५३५ साली ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने त्याचा अर्थ दिला तो असा : झाडे नसलेली, पण भरपूर गवत असलेली जमीन. आज सॅव्हाना म्हटले की आपल्याला काय दिसते? पिवळे गवत आणि त्यात छत्रीसारखी पसरलेली बाभूळवर्गीय झाडे. शब्द कॅरिबियनमधून आफ्रिकेत गेला आणि वाटेत त्याच्या अर्थात झाडे उगवली.

शाळेत आपण ‘स्टेप्स, प्रेअरी, पंपास, व्हेल्ड’ ही जंत्री गाळलेल्या जागांसाठी पाठ केली. स्टेप रशियन, प्रेअरी फ्रेंच भाषेतले कुरण, पंपा क्वेचुआ भाषेतले मैदान, व्हेल्ड म्हणजे आफ्रिकान्समधले शेतरान.

झाडांची संख्या मोजून सॅव्हाना ठरत नाही. जमिनीवर गवताचा सलग थर हवा आणि वरचे शेंडे एकमेकांना भिडलेले नकोत, ही खरी खूण. कारण उजेड. सॅव्हानातली बहुतेक गवते ‘सी-४’ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कडक ऊन आणि उष्णता असेल तर ही पद्धत उत्तम चालते, सावलीत मात्र तिचा वरखर्च परवडत नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही याच पद्धतीची पिके. बांधावरच्या झाडाचा वसवा पडतो तिथली ज्वारी खुरटते, हे शेतकऱ्याला सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

शेंडे भिडले की गवत मरते. उलट गवत माजले की उन्हाळ्यात वाळते, पेटते आणि झाडांची रोपे जाळते. गवत बुडख्यातून पुन्हा फुटते, रोप हरते. त्यामुळे एकाच पावसात कुठे जंगल टिकते, कुठे सॅव्हाना.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टांझानियातल्या सेरेंगेटीचे. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडी ही गुरांची साथ आली. गुरे मेली, विल्डबीस्टही मेले. पुढे गुरांना लसी टोचल्या गेल्या आणि १९६० च्या दशकात रोग तिथल्या रानातूनही हटला. विल्डबीस्टची संख्या अडीच-तीन लाखांवरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या आसपास गेली. इतकी तोंडे गवत खाऊ लागल्यावर जाळायला उरणार काय? वणवे कमी झाले आणि झाडे वाढली. लस टोचली गुरांना, दाटले रान! अशी साखळी कादंबरीत लिहिली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आता पुन्हा सोलापूरकडे. नकाशा त्याला स्टेप म्हणतो, पण नगर, पुणे, सोलापूरकडच्या माळावर उभे राहिले तर दिसतो तो सॅव्हानाच. कुसळी, पवना, मारवेल ही गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. कुसळीच्या बियांना लांब कुसे असतात. ओल लागली की त्यांचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो आणि बी स्क्रूसारखे मातीत शिरते. माती नाही मिळाली तर तुमच्या मोज्यात.

मराठीत या जमिनीला शब्द कमी नाहीत. पण गायरान आणि कुरण हे वापरावरून पडलेले, माळ हा जमिनीच्या घडणीवरून, आणि पडीक हा तर हिणवण्यासाठीच. मला सगळ्यांत नेमका वाटतो तो ‘माळरान’. ‘वन’ म्हटले की दाट झाडी येते. ‘रान’ त्या मानाने सैल आहे, त्यात चार झाडे असली काय, चाळीस असली काय.

सरकारी नोंदींत अशा जमिनींचा बराच भाग ‘पडीक’ रकान्यात जातो. हे मूळचे जंगलच, तोडून उजाड झालेले, असा समज त्यामागे असतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तो वेगळ्याच पुराव्यावर तपासला. जुनी मराठी काव्ये, आख्यायिका, ओव्या यांत कोणती झाडे आणि कसा भूभाग येतो, हे त्यांनी पाहिले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार इथला सॅव्हाना निदान साडेसातशे वर्षे जुना आहे.

तरी पावसाळा आला की माळावर खड्डे खणले जातात आणि रोपे ओळीत लागतात. माळढोक या पक्ष्याच्या नावातच माळ आहे. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि शत्रू दिसतो का, हे मान उंचावून चहूकडे पाहत राहते. सोलापूरजवळ नान्नज इथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. रोपांच्या ओळी डोक्याच्या वर गेल्या की तिला पलीकडचे दिसत नाही.